पुणे ते सासवड, योगिनी एकादशीला

पुण्यात योगाला तोटा नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली इथे शिकवायला आले ते इथलेच झाले. शिवाजीनगरातली त्यांची संस्था १९७५ पासूनची. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं शिकायला तिथे जगभरातून माणसं येतात. मीही त्याच पद्धतीच्या एका क्लासला जाते आणि माझी कंबर अजून ताठ आहे ती त्यामुळेच. पण शवासन आटपून आम्ही खाली उतरलो की पार्किंगमध्ये 'गाडी कुणाची ही आडवी?' यावरून जो तमाशा रंगतो, तो ऐकला की वाटतं, आत्ता तासभर आपण नेमकं काय केलं?

पूर्ण वारी मला जमत नाही, नोकरी आहे. पुणे ते सासवड एवढा टप्पा ओळखीच्या एका दिंडीबरोबर चालते. माऊलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्काम करून पहाटे निघते. हडपसरला वाटा फुटतात, तुकोबा लोणी काळभोरकडे आणि माऊली दिवेघाटाकडे. तिथी ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे योगिनी. अख्ख्या वाटेतली ही मोठी मजल, त्यात घाट आणि त्यातही उपास. हडपसरपर्यंत पोटाची काळजी नसते म्हणा. केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडीचे द्रोण, नको म्हटलं तरी हातात कोंबतात.

माझ्या शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस. पुढे विणेकरी. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. कोण थोरला, कोण धाकटा हे कुणी बघत नाही.

दिंडीतले बुवा निवृत्त शिक्षक. फुरसुंगीच्या आसपास मी त्यांना छेडलं. "बुवा, हरिपाठात तर 'योगयाग विधी येणें नोहे सिद्धी' असं सरळ म्हटलंय. मग आमचा क्लास फुकटच की!"

"पुढचं म्हणा की," ते म्हणाले. "'वायाचि उपाधी दंभधर्म.' बोट दंभावर आहे, ताई. माऊली स्वतः नाथपंथातल्या. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी कशी उठते, अंगात काय काय होतं, ते ओवी-ओवीने सांगितलंय. ठाऊक नसलेला माणूस असं सांगेल होय? पण त्याच अध्यायाच्या शेवटी देव म्हणतो, सगळ्या योग्यांत जो श्रद्धेने मला भजतो तो मला थोर वाटतो."

मग मीही माझं घोडं पुढे दामटलं. पतंजलींच्या जेमतेम दोनशे सूत्रांत आसनाला सूत्रं मिळालीत तीन. स्थिर आणि सुखाने बसता यावं, एवढीच मागणी. त्याच्याही आधी यम येतात: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं ते अगोदर, पाय कसे दुमडायचे ते मागाहून. चित्ताच्या वृत्ती थांबल्या की पाहणारा आपल्या मूळ रूपात राहतो, हे सगळ्या खटाटोपाचं कारण. आणि चित्त निवळायचं कसं? सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाची करुणा, पुण्यवानाचा आनंद आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. यातलं एकही चटईवर एकट्याने करता येत नाही. बुवा हसले. "म्हणजे गर्दी पाहिजे."

गर्दी वडकी नाल्याच्या विसाव्याला भेटली. टँकरला रांग, ऊन रणरणतं. आजींची कळशी नळाखाली अर्धी भरली असेल, तेवढ्यात पांढराशुभ्र झब्बा आणि नवे कोरे बूट घातलेलं एक पोरगं मधेच घुसलं. त्याच्या जारच्या धक्क्याने कळशी कलंडली आणि पाणी आजींच्या लुगड्यावरून मातीत गेलं. मी पदर खोचला. आजींनी माझं मनगट धरलं. "भर माऊली, तुझं भरून घे," त्या पोराला म्हणाल्या आणि मग मला, "तोंड कोरडं पडंल, ताई. घाट चढायचाय." पोरगं जार भरून निघून गेलं, वळूनही पाहिलं नाही त्याने. आजींनी कळशी विसळली, पुन्हा खाली लावली आणि मघाशी अर्धवट राहिलेला अभंग पुढे गुणगुणायला लागल्या. ही उपेक्षा की करुणा, मला सांगता यायचं नाही.

संन्याशाची पोरं म्हणून लोक टाकून बोलले तेव्हा ज्ञानदेव ताटी लावून आत बसले. बाहेरून धाकट्या मुक्ताईने सुनावलं: 'योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा'. वास्तविक आत बसलेला माणूस आसन, प्राणायाम, समाधी सगळ्यात पारंगत. तरी बहिणीने दाराशी उभं राहून हेच विचारलं की लोकांचं सोसतोस का. माझ्या मते योग्याची याहून नेमकी ओळख मराठीत कुणी सांगितलेली नाही.

म्हणून 'वारी हाच योग' असले फलक मला रुचत नाहीत. २१ जूनचा योग दिवस आणि पालखी जवळ आली की ते हमखास झळकतात. वारीतही चपला जातात आणि तंबूच्या जागेवरून जुंपते. तीस किलोमीटर चालून कुणी योगी होत असता तर पोस्टमन केव्हाच झाले असते.

घाटात मात्र एक गंमत होते. माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो आणि बोलायला कुणाला दम उरत नाही. उरतं ते फक्त 'ज्ञानोबा-तुकाराम'. ते म्हणायचं तर उच्छ्वास लांबवावाच लागतो. क्लासमध्ये मी आकडे मोजून तो लांबवते आणि मधेच भाजीचा विचार येतो. इथे टाळ मोजत होता. पार्किंग, पोरगं, जार, वरच्या वळणापर्यंत काहीच आठवलं नाही. वर पोचल्यावर सगळं परत आलं, ते सोडा.

सासवडला पोचेतो अंधारलं होतं. आजींचे पाय सुजले होते. "तुझ्या क्लासात ह्याला काय करतात?" त्यांनी विचारलं. मी त्यांना सतरंजीवर निजवून दिंडीच्या ट्रकच्या फळीला पाय वर टेकवून दिले, विपरीत करणी. "आगं बया, बरं वाटतंय," म्हणताच शेजारच्या दोघी आल्या, मग आणखी चौघी. लुगडी पायांत नीट खोचून ओळीने सगळ्या आडव्या. तेवढ्यात ड्रायव्हर आला. "माऊली, गाडी काढायचीय."

"थांब की रे धा मिंटं," आजी आडव्या पडूनच म्हणाल्या, "योग चाललाय आमचा."