घरचा मेल सर्व्हर: लाईट आल्यावर मेल लवकर कशी येईल?

रचना अशी आहे. बाहेर भाड्याच्या व्हीपीएसवर (दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) एक पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेणारा-पोचवणारा प्रोग्राम; एमएक्स, म्हणजे डोमेनची मेल कुठे द्यायची ती डीएनएसमधली नोंद, त्याच्याच नावे. वायरगार्डच्या (दोघांना जोडणारा खाजगी व्हीपीएन बोगदा) पलीकडे फोंड्याला घरी दुसरा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डोव्हकॉटसकट. पावसात माडाची झावळी तारांवर पडली की लाईट गेलीच, आणि इन्व्हर्टर तरी किती पुरणार?

मेल मात्र हरवत नाही, आणि ती का हरवत नाही हे बघण्यात खरी मजा आहे. समोरच्या सर्व्हरने मजकूर संपवून एकट्या टिंबाची ओळ पाठवली की पोस्टफिक्सचा क्लीनअप हा भाग ती मेल इनकमिंग (नव्या मेलच्या) रांगेत फाइल म्हणून पुरती डिस्कवर उतरवतो, फाइलचा मोड (परवानग्यांचा आकडा) 0600 वरून 0700 करतो, म्हणजे 'फाइल पूर्ण' अशी खूण, आणि मगच 250, म्हणजे 'मेल घेतली', हे उत्तर जातं. तिथून पुढे मेलची जबाबदारी आपली. अर्धवट, 0600 वाल्या फाइलकडे क्यूएमजीआर, म्हणजे रांग सांभाळणारा भाग, ढुंकूनही बघत नाही.

घर बंद असलं की व्हीपीएसवरची मेल ॲक्टिव्ह (पाठवण्याच्या) रांगेतून डिफर्ड (नंतर पुन्हा बघू) रांगेत जाते आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे 5 दिवस तग धरते. तेवढे पुरे.

घोडं अडतं ते लाईट आल्यावर. मेल रांगेत जितकी जुनी, तितकी पुढच्या प्रयत्नाची वेळ लांब; किमान 300 सेकंद, कमाल 4000. म्हणजे राउटर, सर्व्हर सगळं जागं झालं तरी मेल तासाभराहून जास्त बाहेरच बसू शकते. कमाल मर्यादा खाली ओढणं सोपं, पण मग घर बंद असताना उगाच दार ठोठावत बसायचं. मला ते पटत नाही.

यावर 1996 सालचा जुना उपाय आहे, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) क्रमांक 1985 मधला ईटीआरएन, म्हणजे 'माझी अडकलेली मेल आता पाठव' ही आज्ञा. वायरगार्ड उठला की घरचा सर्व्हर आता व्हीपीएसला 'ईटीआरएन' आणि आपलं डोमेन एवढंच सांगतो. '250 क्यूइंग स्टार्टेड' आलं की त्या डोमेनच्या अडकलेल्या मेल लागलीच निघतात. डोमेन व्हीपीएसवरच्या रिले डोमेन्समध्ये (ज्यांची मेल पुढे पोचवायची त्या डोमेन्सची यादी) हवं, आणि ही आज्ञा फक्त आपल्या नेटवर्कलाच द्या. मुळात ती सगळ्यांना मोकळी असते.

राहिलं एक: घरच्या खऱ्या पत्त्यांची यादी व्हीपीएसवर रिले रेसिपियंट मॅप्स या सेटिंगमध्ये घालणं. नाहीतर भलत्याच नावाची स्पॅम आधी घ्यायची, घराने नाकारली की बाउन्स ('मेल पोचली नाही' असं परतीचं पत्र) मारायचा, आणि तो जाणार ज्याचा पत्ता स्पॅमवाल्याने चोरला त्या बिचाऱ्याकडे.