आधी लाईट, मग बाकीचं

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला एकच शब्द मला ओळखीचा होता, मार्जिन. साताऱ्यात मी वीस वर्षं ब्लाउज शिवते. मार्जिन म्हणजे आत दाबून ठेवलेलं जादा कापड. बाई अंगाने भरली की उसवून सोडायचं. इथे लिहिलं होतं, मार्जिन फ्री. म्हटलं, ठेवलंच नाही का? सर्जन हसले. कापलेल्या कडेला आजाराचा अंश नाही, असा त्याचा अर्थ, म्हणजे चांगलंच.

वाईट पुढच्या ओळीत होतं. काखेतून काढलेल्या १६ लसिका गाठींपैकी २ मध्ये आजार पोचला होता.

माझी समजूत अशी की डावा स्तन अख्खा काढलाय, आता केमो झाली की सुटले. लाईट (रेडिएशनला आमच्याकडे लाईटच म्हणतात) ही स्तन राखून नुसती गाठ काढलेल्या बायकांसाठी. ते अर्धंच खरं निघालं. पूर्ण काढल्यावरही छातीच्या कातडीखाली, गळ्याच्या हाडामागे चुकार पेशी राहू शकतात. काखेतल्या ४ किंवा जास्त गाठींत आजार असेल तर डॉक्टर फार चर्चा करत नाहीत, लाईट देतातच. एकीतही नसेल आणि मूळ गाठ लहान असेल तर बहुधा देत नाहीत. वाद असतो तो १ ते ३ चा. मी नेमकी तिथे.

केमो सुरू असतानाच पुण्यात रेडिएशनच्या मॅडमना भेटले. म्हटलं, तुमची बहीण असती तर काय केलं असतं? त्यांनी थेट उत्तर दिलं नाही, आणि मला ते आवडलं. कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे माझं वय ४६, ग्रेड ३ (म्हणजे जोरात वाढणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्यांत दिसलेला शिरकाव. दुसरीकडे त्वचा काळवंडणं, हाताला सूज यायचा धोका थोडा वाढणं, आणि डावी बाजू म्हणून हृदय. म्हणाल्या, २ गाठी एवढंच असतं तर मीही डोकं खाजवलं असतं, पण बाकीचं पाहता माझा कल घेण्याकडे आहे. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तो निर्णय सोपा गेला. जीवाचा प्रश्न होता.

अवघड होता तो दुसरा.

ऑपरेशनच्या आधीच प्लास्टिक सर्जननी विचारलं होतं, लगेच नवीन स्तन बसवायचा का? त्या गडबडीत आम्ही नको म्हटलं. नंतर कळलं की नको म्हटलं ते बरंच झालं. इम्प्लांट (आत बसवायची सिलिकॉनची पिशवी) बसवून वर लाईट दिली की त्याभोवतीचा पापुद्रा आवळत जाऊन कडक होण्याचं प्रमाण वाढतं. पोटाचं मांस लावलं तरी लाईटने ते आकसू शकतं. म्हणून लाईट लागणार असं दिसत असेल तर बरेच डॉक्टर म्हणतात, आधी ती उरकू दे, कातडी सहा महिने ते वर्षभर निवू दे, मग बघू. पहिला निर्णय दुसऱ्याला असा बांधलेला असतो हे ऑपरेशनच्या आधी कुणीतरी एका जागी बसवून सांगायला हवं होतं.

तेच हाताचं. घरी जाताना मला कुणी व्यायाम सांगितले नाहीत. लाईटचं माप घ्यायला सीटी मशीनवर झोपवलं, हात डोक्यामागे न्या म्हणाले, तर हात कानापर्यंतही जाईना. दहा दिवस पुढे ढकललं. कोथरूडला ताईकडे राहून मी रोज भिंतीवर बोटं चढवत होते, आदल्या दिवशी जिथे पोचले तिथे पेन्सिलची खूण. ताईच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत.

लाईट १५ दिवसांची, एकूण डोस ४० ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. पूर्वी २५ दिवस चालायचं म्हणे. छातीवर बारीक निळे ठिपके गोंदले, टाचणीच्या डोक्याएवढे. हृदय बाजूला राहावं म्हणून खोल श्वास घेऊन रोखायचा असतो. छाती फुगली की हृदय मागे सरतं. मशीन चालवणारी मुलगी आतल्या खोलीतून माईकवर सांगायची, घ्या, रोखा. मी मनात शिलाई मशीनचे टाके मोजायचे. वीस-बावीसला सोडा यायचं. दुखत काहीच नाही. शेवटच्या आठवड्यात काखेजवळ कातडी लाल झाली, संपल्यावर पुढचे आठ दिवस सोलली. त्या दिवसांसाठी मी मलमलचे पुढून उघडे सदरे शिवून नेले होते. शेजारणीने हळद-चंदनाचा लेप सुचवला. मॅडम म्हणाल्या, त्यांनी दिलेल्या क्रीमशिवाय काहीही नको.

मग वर्षभर थांबले, आणि घरात मतं सुरू झाली. आई म्हणाली, आता या वयात कुणाला दाखवायचंय? मुलगी म्हणे, आई, तू करूनच घे, स्वतःसाठी. हे म्हणायचे, तू ठरव. ऐकायला किती छान वाटतं! मला मात्र तेव्हा वाटायचं, अहो, काहीतरी म्हणा, म्हणजे मला भांडता तरी येईल.

मी पैशांकडे बोट दाखवून मोकळी झाले होते. विमा कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलंच होतं की हे कॉस्मेटिक, क्लेम बसणार नाही. मुलीने पॉलिसी काढून वाचली. न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी होती खरी, पण त्याच वाक्यात पुढे होतं: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना सोडून. तिने त्याखाली लाल रेघ मारून मेल पाठवला. महिन्याभरात उत्तर आलं, कागदपत्रं पाठवा. मुलगी नाचली. मी गप्प. पैशांची सबब गेली, आता खरं कारण शोधणं भाग होतं.

प्लास्टिक सर्जनकडे पुन्हा गेले. लाईट घेतलेली कातडी ताणत नाही, म्हणून नुसतं इम्प्लांट त्यांना नको होतं. पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणता येतो. पण माझा दिवस कात्री चालवण्यात आणि मशीनवर वाकण्यात जातो, पाठीला हात लावू देणार नाही म्हटलं. उरलं पोट. तिथली चरबी-कातडी रक्तवाहिन्यांसकट काढून छातीवर लावायची, वाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. आठ-दहा तासांचं काम. कॅन्सर परतू नये म्हणून मी घेते त्या टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून ती गोळी काही दिवस बंद. मग दोन-तीन रात्री नर्स सारखं तपासणार, रंग ठीक आहे ना, ऊब आहे ना. नीट जमलं तर हाताला मऊ, आपलंच अंग. मी विचारलं, स्पर्श कळेल? ते म्हणाले, थोडाफार येईलही, पण पूर्वीसारखा धरून चालू नका.

परतीच्या गाडीत, खंबाटकीच्या घाटात, मला माझं उत्तर कळलं. मला हवा होता तो स्पर्शच. तो मिळणार नसेल तर नुसत्या आकारासाठी पोट चिरून घ्यायची माझी तयारी नव्हती. आकार मी शिवू शकते.

आणि शिवला. ब्रेसियरमध्ये घालायचा विकतचा सिलिकॉनचा स्तन उन्हाळ्यात घामाने चिकटायचा. मी उजवी बाजू डोळ्यासमोर ठेवून कटोरी कापली, आत कापूस, तळाला मोहरीची छोटी पिशवी. वजन नसलं की ते वर सरकतं आणि खांदा एका बाजूला उचलला जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन वेळा तोलून २८० ग्रॅमवर थांबले. ब्रेसियरला आतून मलमलचा खिसा. फाइल कपाटात आहे. डॉक्टर म्हणालेत, मन बदललं तर कधीही या. मुलगी अजून थोडी नाराज आहे. तिच्या वयात मी असते तर मीही वेगळं ठरवलं असतं कदाचित.

लाईटच्या रांगेत भेटलेली एक कराडची बाई परवा ब्लाउजचं माप द्यायला आली. दार लावून घेतलं, पदर काढला. तिचं उजवीकडचं. टेप खांद्यावर धरला तोच तिने विचारलं, तुम्ही का नाही हो करून घेतलं? म्हटलं, सांगते. आधी हात वर करा बघू, कुठवर जातो.