लगेच मिळालेली खुर्ची

दादरमधल्या एका जुन्या मराठी उपाहारगृहात परवा भर दुपारी एक वाजता शिरले आणि शिरताक्षणी मला बसायला जागा मिळाली. गोष्ट एवढीच आहे. पण ज्यांचे निम्मे आयुष्य दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहण्यात गेले आहे, त्यांना ती मी का सांगते आहे हे लगेच कळेल.

आमच्या घरात हॉटेलात खायला जाणे म्हणजे आधी कोणाच्या तरी पाठीशी उभे राहणे. वडिलांचे त्यात एक शास्त्र होते. माणसाचा चेहरा पाहू नये, ताट पाहावे, असे ते म्हणत. ताटात अजून पोळी असेल तर पुढे सरकावे, भात आला असेल तर थांबावे, आणि ताकभात कालवायला घेतला असेल तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायला हरकत नाही. हे सगळे गणित उधळून लावणारी एक जात असे. ती जेवण संपवून, हात वाळत आल्यावर, शांतपणे पीयूष मागवी. अशा माणसांविषयी वडील जे पुटपुटत ते येथे लिहिता येणार नाही. मात्र आपली पाळी आली, आपल्या मागे दुसरे एखादे कुटुंब पिशव्या सांभाळत उभे राहिले, की तेही हमखास पीयूष मागवीत आणि ते इतके सावकाश पीत, की आईला भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे एकटक पाहत बसावे लागे.

त्यामुळे परवा मला कसेसेच झाले. मी बसल्यावर माझ्या डोक्यावरचा पंखा मुद्दाम लावण्यात आला. एरवी वाढप्याला हाका मारून घसा सुकतो. येथे तिघे जण भिंतीला टेकून माझे घास पाहत होते आणि वाटीतली आमटी निम्मी होताच ती भरली जात होती. भाजीत मीठ कमी होते. गर्दीत ते मी खणखणीत आवाजात सांगितले असते, पण त्या रिकाम्या दालनात तो धीर मला झाला नाही. उलट भूक नसताना एक कोथिंबीर वडी जास्तीची मागवली, जणू तेवढ्या एका बशीने मालकाचे महिन्याचे भाडे निघणार होते.

भावपत्रकावर प्रत्येक पदार्थापुढे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर पेनाने नवा आकडा लिहिलेला होता. अशी पट्टी दिसली की नखाने खरवडून खालचा भाव पाहण्याची मला जुनी खोड आहे. थालीपिठाच्या पट्टीखाली दुसरी पट्टी निघाली. हॉटेलात लागणाऱ्या 19 किलोच्या सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने ठरतो. थालीपिठाचा भाव तसा दरमहा हलवला तर गिऱ्हाईक भांडायला उठेल, म्हणून मालक काही महिने सोसतो आणि मग एकदाची पट्टी चिकटवतो. आपल्या बिलावर नोव्हेंबर 2017 पासून जो पाच टक्के जीएसटी लागतो, त्यातून मालकाला स्वतः गॅसवर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्च थालीपिठाच्याच अंगावर पडतो. हे सगळे ठाऊक असूनही खालचा आकडा पाहून मी मनातल्या मनात ‘बापरे’ म्हटलेच.

गल्ल्यापाशी मात्र गर्दी होती. पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेले तरुण मोबाइल पुढे करून उभे होते, आणि त्यांच्या हाती जाणाऱ्या प्रत्येक पुड्यामागे कोणत्या तरी कंपनीचे कमिशन वळते होत होते. अन्न बाहेर जात होते आणि माणसे आत येत नव्हती. 5 ऑक्टोबर 2020 रोजी राज्यातली हॉटेले निम्म्या आसनांनिशी पुन्हा उघडली, तेव्हा एकाआड एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या होत्या आणि कोणाच्या पाठीशी उभे राहणे हा जवळजवळ गुन्हाच झाला होता. पुढच्या एप्रिलमध्ये बसून खाणे पुन्हा बंद होऊन नुसते पार्सल उरले. उभे राहण्याची आपली सवय तेव्हा जी मोडली ती पुरती परत आलीच नाही, असे माझे मत आहे, आणि त्याला माझ्या निरीक्षणापलीकडे काही आधार नाही.

एखादे हॉटेल बंद होणार असे कळले, की मात्र आपण धावतो. ग्रँट रोड स्टेशनजवळचे ‘बी. मेरवान’ हे 1914 सालचे इराणी हॉटेल बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये पसरली आणि मावा केकसाठी झुंबड उडाली. काही काळाने ते पुन्हा उघडले, तेव्हा हळहळ खर्च करून बसलेल्यांची थोडी पंचाईतच झाली असेल. अशा शेवटच्या दिवसांच्या गर्दीचा मला राग येतो. मालकाच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्रे काढली जातात, ‘आमच्या लहानपणी’ने सुरू होणारी वाक्ये बोलली जातात, आणि गल्ल्यावरचा माणूस मनात हिशेब करीत असतो, की ही मंडळी मागच्या मंगळवारी कुठे होती. म्हणून शेवटच्या दिवशी मी कुठेच जात नाही. मागच्या मंगळवारीही मी गेलेली नसते, हा भाग वेगळा.

माझे आजोळ लालबागचे. चाळीच्या तळमजल्यावर एक बाई खानावळ चालवीत. सगळे त्यांना मावशी म्हणत. जेवणारे बहुतेक सगळे गिरणीतले, कोकणातून नाहीतर घाटावरून एकटे आलेले, पाळीप्रमाणे येणारे. खुर्च्यांचा प्रश्नच नव्हता; भिंतीला पाठ लावून पंगत बसे आणि एक पाळी उठली की दुसरी बसे. दाराआड खिळ्याला एक वही टांगलेली असे. गावी गेल्याचे, आजारपणाचे, उपासाचे दिवस तिच्यात खाडे म्हणून मांडले जात आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा होत. खाड्यांवरून जी भांडणे होत ती ऐकायला आम्ही मुले जिन्यावर बसत असू. एक गृहस्थ संकष्टीचा अर्धा खाडा मागत, कारण त्या दिवशी ते दुपारचे जेवत नसत. मावशींचे म्हणणे असे, की चंद्रोदयानंतर तुम्ही दोन्ही वेळचे एकदम जेवता, तेव्हा खाडा कसला मागता, वर काही द्या.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. पुष्कळ जण गावी निघून गेले. जे राहिले ते जेवत राहिले, आणि वहीत खाड्यांच्या जागी उधारी चढू लागली. मावशींना पीठ आणि डाळ देणाऱ्या वाण्यानेही आपली वही कित्येक महिने उघडी ठेवली, आणि त्याला माल देणारा कोणी असेल त्यानेही थोडी कळ काढली असणार. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका कर्जात किती रुतलेल्या असत हे पाहूनच प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले, हे मला फार पुढे वाचून कळले. तेव्हा कळत होते ते इतकेच, की आमटी दिवसेंदिवस पातळ होते आहे आणि त्याबद्दल पंगतीतले कोणी अवाक्षर काढत नाही. संकष्टीवाले गृहस्थही खाड्याचा विषय काढीनासे झाले होते.

आजच्या मालकाने कोणाच्या वहीत उधारी मांडावी? सिलिंडर रोख, भाडे रोख, आणि मोबाइलवरच्या कंपन्या तर आपला वाटा आधी कापून उरलेले पैसे पाठवतात. गिऱ्हाईकही वहीतले राहिलेले नाही; ते आज येथे खाते, उद्या समोर सवलत दिसली की समोर खाते, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही म्हणता येत नाही.

वही मी अलीकडे पाहिली ती पुण्यात. भाचा सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. गेल्या महिन्यात त्याच्याबरोबर त्याच्या मेसमध्ये जेवले. तिथे अजून खाडे धरतात, फक्त ते आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळवावे लागतात. वाढणाऱ्या काकूंना मी मोठ्या उत्साहाने म्हटले, की हीच पद्धत बरी, महिन्याचे पैसे आगाऊ हाती येतात, मग बाजार कसाही असो. त्या पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “नाही हो ताई, महिन्याचे घेणे मी सोडले. पंधरा दिवसांचेच घेते. मध्येच बंद करायची वेळ आली तर पोरांचे पैसे कुठून परत देऊ?”

यावर मला काही सुचले नाही. भाचा खाली मान घालून जेवत राहिला. पाहुण्याच्या ताटाचे पैसे घ्यायला काकूंनी साफ नकार दिला. मी बराच वाद घातला आणि शेवटी नोट लोणच्याच्या बरणीखाली सरकवून बाहेर पडले. आम्ही जिना उतरतो न उतरतो तोच भाच्याच्या मोबाइलवर निरोप आला, की ते पैसे त्याच्या पुढच्या पंधरवड्यात जमा धरले आहेत.