पद्मिनीचे वायरिंग: काय बंद करावे, काय उघडे ठेवावे

मुंबईत जुनी गाडी बाळगणाऱ्यांना वायरिंगची आठवण बहुधा मे महिन्याच्या अखेरीस होते. पावसाच्या तोंडावर गॅरेजांत गर्दी उसळते, बॉनेट उघडले जाते आणि दिसेल त्या जोडावर सिलिकॉनची नळी रिकामी केली जाते. माझ्या मते हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना उरकावे. मे महिन्यातली हवा इतकी दमट असते की, पाण्यापासून वाचवण्यासाठी आपण जो जोड बंद करतो त्यात ओल आधीच शिरलेली असते आणि तिची बाहेर पडण्याची वाट मात्र आपणच बुजवतो.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० च्या घडणीवर तयार होणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ पासून मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. त्यामुळे तिच्या वायरिंगची नस ठाऊक असलेले वायरमन आता शोधावे लागतात. त्यातच आम्ही राहतो माहीमला. समुद्रावरून येणारे मीठ धातूवर बसते, हवेतली ओल ओढून घेते आणि पाऊस नसतानाही पितळेच्या-तांब्याच्या टोकांवर हिरवा कळंक चढू लागतो.

या कळंकाचे नुकसान किती, हे हेडलाइटवरून चांगले कळते. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. त्यांच्या सामायिक मार्गात, म्हणजे स्विच, फ्यूज आणि अर्थिंग (बॉडीतून जाणारी प्रवाहाची परतीची वाट) मिळून, जेमतेम ०.१ ओहमचा रोध वाढला तरी ०.९ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने घटत असल्यामुळे एवढ्याने जवळजवळ पाव हिस्सा उजेड जातो. मग मालक बल्ब बदलतो, वायरमन बॅटरीवर संशय घेतो, आणि खरा गुन्हेगार, म्हणजे बॉडीला जोडलेले गंजके थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे), तसेच राहते. म्हणून सील करण्याआधी मीटर लावून प्रत्येक जोडावरचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे जोडातच खर्ची पडणारे व्होल्ट, मोजावा आणि जोड साफ करावा. घाणीवर चढवलेले सील घाणीचेच रक्षण करते.

साफसफाईपूर्वी बॅटरीची बॉडीला जाणारी तार सोडावी, हे सांगायला नकोच. निमुळत्या टोकांचे जुने फ्यूज ज्या पितळी पट्ट्यांत बसतात, त्यांची पकड ढिली पडलेली असते. तिथे नुसते घासून भागत नाही, पट्टी हलकेच आत वाकवून दाबही परत आणावा लागतो. पकड ढिली असली की जोड तापतो, आणि तापला की फ्यूज शाबूत राहून भोवतालचे प्लास्टिक वितळते.

आता सिलिकॉनविषयी. बाजारात सहज मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते ॲसिटिक आम्ल सोडते, आणि हे आम्ल तांब्याला खाते. विजेच्या कामासाठी आम्ल न सोडणारे, न्यूट्रल क्युअर प्रकारचेच सिलिकॉन मागून घ्यावे. सिलिकॉन ग्रीस ही आणखी वेगळी वस्तू. स्पार्क प्लगच्या टोप्यांत आणि बल्बच्या होल्डरभोवती ती ओल अडवते; पण ती वीजवाहक नाही, आणि जिथे संपर्क उघडताना ठिणगी पडते अशा स्विचमध्ये किंवा सीबी पॉइंटवर (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कावर) तिचा लवलेशही नको. ठिणगीने जळालेल्या सिलिकॉनचा सिलिका होतो आणि वीज न वाहू देणारा तो थर संपर्कावरच जमतो.

स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरबद्दल आमच्या वायरमन काकांशी माझा नेहमीचा वाद आहे. ते म्हणतात, “साहेब, चारी बाजूंनी सील मारून टाकतो, पाण्याची चिंताच सोडा.” माझे उत्तर ठरलेले: “नको काका, हवेचे भोक मोकळे राहू द्या.” आत फिरणारा रोटर आणि वरचे झाकण, म्हणजे कॅप, यांच्यामधल्या ठिणग्यांनी आत ओझोन तयार होतो, ओल मिळाली की नायट्रिक आम्लही तयार होते, आणि हे सारे कोंडले तर पॉइंट गंजतात. शिवाय इंजिन तापले की आतली हवा फुगून बाहेर जाते आणि थंड होताना बाहेरची दमट हवा फटीफटीतून आत ओढली जाते. पूर्ण बंद केल्याच्या समाधानात आपण फक्त निचऱ्याचा मार्ग बंद केलेला असतो. कॅपवर काळी बारीक रेघ उमटली असेल तर हाय टेन्शन वीज तिथून निसटू लागली आहे असे समजावे आणि कॅप सरळ बदलावी.

टेललाइटलाही हाच नियम. काचेमागचे कडक झालेले पॅकिंग बदलावे, पण नवे पॅकिंग स्पंजसारखे पाणी शोषणारे नसावे. नागदेवी स्ट्रीटवर रबराच्या शीट मिळतात; त्यातले ईपीडीएम रबर ऊन-पावसाला टिकते, नायट्राइल तेलाजवळ वापरावे. दिव्याच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र असेल तर पॅकिंग कापताना तेवढी जागा सोडावी.

डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरी जिथून आत शिरतात, तिथला ग्रोमेट (भोकात बसणारे रबरी कडे) चिरला असेल तर तो बदलावा आणि वायरीला शिरण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशीच ठिबकते. तुटलेल्या वायरीचा जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्का करून, त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आकसणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी; लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. काळ्या टेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून मी टेप वापरणे सोडून दिले आहे. पाऊस ओसरला की मीटरने पुन्हा सगळी मापे घेतो. ज्या जोडावर ड्रॉप वाढलेला दिसतो तेवढाच उघडतो, बाकीच्यांना हात लावत नाही.