आमची वाटचाल : 11.1 आणि 11.4 व्होल्टमधला फरक

कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान टाकलं तेव्हा पाटीवर नुसतं 'लॅपटॉप दुरुस्ती' होतं. बॅटरीचे सेल बदलायचं काम गळ्यात पडलं ते करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांमुळं. त्यांचा लॅपटॉप जाडजूड, बॅटरी बाजारातून बंद झालेली, आणि दूध संकलनाच्या वेळीच नेमकी लाइट जायची. "टॉर्चमध्ये घालतो तसे सेल घालून द्या की," म्हणाले.

टॉर्चसारखं ते नसतं. आत 18650 चे (18 मिलिमीटर जाड, 65 लांब, गोल लिथियम) सहा सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या सिरीजमध्ये. थेट सोल्डर मारलं तर धन टोकाखालचं प्लास्टिकचं सील उष्णतेनं जातं. स्पॉट वेल्डिंगच पाहिजे, म्हणजे क्षणभर मोठा करंट सोडून पट्टी सेलला ठिपक्यानं चिकटवायची. तेव्हाच्या आमच्या भागीदारानं भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणला, दुय्यम गुंडाळी कापून काढली, तिथं जाड वेल्डिंग केबलचे दोन वेढे घातले. तांब्याच्या कांड्या उद्यमनगरात लेथवर ओढून घेतल्या, टोक दीड मिलिमीटर. 0.15 मिलिमीटरची निकेल पट्टी, करंटचा पल्स वीस-चाळीस मिलिसेकंद. पट्टी ओढल्यावर पट्टीच फाटली आणि ठिपका सेलवर राहिला, तर वेल्ड पक्का. ठिपक्यासकट सुटली तर पुन्हा मारा. (घरी करू बघणाऱ्यांनी त्या मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरला हात लावू नये. प्लग काढल्यावरही तो माणूस मारतो.) भागीदार पुढं वेगळा झाला. मशीन अजून टेबलावर आहे, नवं घेतलं तरी.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

धंदा बसायची वेळ आली ती आमच्याच चुकीनं. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून 'नवे, 2600' (मिलीअँपिअर-तास क्षमतेचे) म्हणून सेल घेतले. मीटरवर सगळे 3.7 दाखवत होते, म्हणून भरले. महिनाभरात पॅक परत यायला लागले: चाळीस टक्के दिसतं आणि लॅपटॉप फटकन बंद. आवरण सोललं तर आत दुसरंच जुनं आवरण. वापरलेल्या पॅकमधले सेल काढून नवा कोट चढवलेला! सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर जोडी आधी तळाला जाते, आणि बोर्ड (पॅकमधलं सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) तिच्याकडं बघून सगळा पॅक तोडतो. पाच सेल चांगले असून उपयोग नाही. सगळ्यांना पदरच्या पैशानं दुसरे सेल टाकून दिले, दुकानाचं भाडं थकलं. व्यापारी फोन उचलेना.

तेव्हापासून नुसत्या व्होल्टेजवर विश्वास नाही. प्रत्येक सेल 4.2 पर्यंत भरायचा, मग पाव ते अर्धा अँपिअरनं 3 व्होल्टपर्यंत रिकामा करून क्षमता मोजायची. अंतर्गत रोध शंभर मिलीओहमच्या पुढं गेला की बाजूला. खरा 18650 साधारण 45 ग्रॅमचा. आवरणावर 9900 छापलेला हातात हलका लागतो. त्या आकारात एवढी क्षमता बसतच नाही. जोड्यांतला फरक 0.02 व्होल्टच्या आत आणूनच वेल्डिंगला घ्यायचे.

आम्ही असे दिवसभर सेल मोजत बसलो असताना पलीकडच्या गल्लीत एकानं 'दोन तासांत, निम्म्या पैशात' अशी पाटी लावली. गिऱ्हाइकं तिकडं गेली, त्याचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. पातळ लॅपटॉपच्या पॅकवर 11.4 व्होल्ट लिहिलेलं असतं. तीन सेल, प्रत्येकी 3.8 चे, ते 4.35 पर्यंत भरतात, म्हणजे पॅक 13.05 ला पूर्ण. 11.55 वाला 13.2 ला. साधा 11.1 वाला 12.6 लाच थांबतो. हे पठ्ठे 11.4 च्या बोर्डाला साधे 4.2 चे पाउच (चपटे, मऊ आवरणाचे सेल) जोडून द्यायचे. बोर्ड बिचारा 13.05 होईपर्यंत चार्ज करत राहणार, सेल फुगणार, टचपॅड वर येणार. तो फुगलेला लॅपटॉप घेऊन माणूस आमच्या दारात, आणि वर म्हणणार, "सेल बदलणारे सगळे सारखेच." फुगलेल्या पाउचला टोचू नका, दाबू नका, लगेच चार्जिंग बंद करा. हे त्या पाटीवर कोणी लिहीत नाही.

त्याच दुकानातून 'बोर्ड मेला' म्हणून आलेले पॅकही बघितले. जुने सेल सरळ कापले की काही बोर्डांवरच्या चिपला एखादी जोडी शून्यावर दिसते, ती कायमचा दोष नोंदवते, आणि मग नवे सेल टाकूनही पॅक चालू होत नाही. म्हणून जुने आणि नवे सेल आधी एकाच व्होल्टेजवर आणायचे, नवे समांतर जोडायचे, मगच जुने काढायचे. जोडताना ऋण आधी, मग मधल्या तारा खालून वर, धन शेवटी. काढताना उलटं. थर्मिस्टर (तापमान बघणारा) सेलला चिकटवायला विसरू नका. आणि पॅक दिल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचं: पूर्ण चार्ज, दोन तास विश्रांती, पूर्ण उतरवा, पुन्हा विश्रांती, पुन्हा पूर्ण चार्ज. चिपला नवी क्षमता त्याशिवाय कळत नाही, टक्के खोटेच दाखवते.

2019 च्या महापुरात भिजलेले पॅक खूप आले. एकही घेतला नाही. बोर्डावर गंज धरलेला असतो, त्याची हमी कोण देणार?

सचिव परवाच येऊन गेले. त्याच पॅकमध्ये तिसऱ्यांदा सेल बदलून मागायला. "एवढ्यात नवा लॅपटॉप आला असता," आम्हीच म्हणालो. "येईल की, पण त्यात आमचं दुधाचं सॉफ्टवेअर चालंल व्हय?" उघडून तपासलं, तिन्ही जोड्या सारख्या: 3.98, 3.98, 3.97 व्होल्ट. यंदा नुसतं साफ करून परत दिलं.