अण्णांच्या नडग्या आणि माझं मलम: बॅच १ ते ७

तर मंडळी, सातवी बॅच काल रात्री डब्यांत भरली आणि आज सकाळी डबी उघडून बोट घातलं तर बोट ना फचकन आत गेलं ना वरून घसरलं, जरा दाबलं की बोटावर येतंय आणि कातडीवर टेकलं की विरघळतंय. दोन वर्षं याच्यासाठी घालवलीयेत. बायको म्हणते एवढ्यात एक खोली रंगवून झाली असती, तिचंही बरोबरच आहे.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. आमचे अण्णा, म्हणजे वडील, निफाडला, मी नाशिकला. निफाडची थंडी तुम्हाला पेपरात माहितीच असेल, दर डिसेंबरला पारा घसरला की बातमी येते. त्या दिवसांत अण्णांच्या नडग्या अशा उलतात की कातडीवर माशासारखी खवलं दिसतात, रात्री लेंगा वर करून खराखरा खाजवत बसतात आणि सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके. आधी डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले कोरडेपणाच आहे, बुरशी नाही, तेलकट काहीतरी नियमित लावा. हे मुद्दाम सांगतोय कारण ओळखीत दोघांनी घामोळ्यावर आणि पावसाळ्यातल्या चिखल्यांवर लावायला माझी डबी मागितली आणि मी दिली नाही. घामोळ्यात आधीच घामाची वाट बंद झालेली असते, त्यावर मेणाचा थर कशाला? आणि चिखल्यांना हवा लागायला पाहिजे, पाय कोरडा राहायला पाहिजे, मेण-तेलाने ओल आतच कोंडते. मलम कोरड्या, तडकलेल्या, खाजणाऱ्या कातडीसाठी, बाकी कशासाठी नाही.

बॅच १. खोबरेल १०० ग्रॅम, मेण २५ ग्रॅम, आणि दसऱ्याच्या तोरणातला उरलेला झेंडू. आता हसा. कातडीच्या मलमात घालायचं फूल म्हणून सगळीकडे वाचलं होतं कॅलेंड्युला कॅलेंड्युला, कुठेतरी त्याचं मराठी झेंडू असं दिलेलं आणि मी खूश, घरात दोन किलो पडलाय की! आपला तोरणाचा झेंडू म्हणजे टॅजेटिस आणि कॅलेंड्युला म्हणजे कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस, कूळ एकच, शेवंती-सूर्यफुलाचं, पण झाडं पूर्ण वेगळी. टॅजेटिसचं अर्क-तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, त्यामुळे हा नुसता नावाचा घोळ नाहीये. वर फुलं ओली घातली होती. आठव्या दिवशी बरणीत वर तरंगणाऱ्या पाकळ्यांवर राखाडी लव आली, सगळं फेकलं. म्हटलं निदान हात तरी बसू दे, म्हणून कोऱ्या तेलात मेण घालून वितळवलं, ते गार झाल्यावर मेणबत्ती तयार. खरंच, नखाने खरवडावं लागत होतं. अण्णांनी नडगीवर घासून बघितलं आणि म्हणाले, "अरे हे लावायचं का पेटवायचं?"

बॅच २ हळदीची. तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही. हळदीचा रंग तेलात मस्त उतरतो आणि तेलातून लेंग्यात त्याहून मस्त उतरतो. आईचा फोन आला होता.

बॅच ३ मध्ये शहाणपणा अंगात आला आणि कापूर, निलगिरी, लव्हेंडर तिन्ही घातलं, कारण वास आला की औषध वाटतं ना. फुटलेल्या कातडीवर कापूर म्हणजे मिरची. अण्णा रात्री उठून पाय धुवून आले. त्यानंतर वासाच्या वस्तू बंद. लव्हेंडर कमी प्रमाणात चालतं म्हणतात, पण आधीच चिडलेल्या कातडीला कशाला अजून काही दाखवायचं असं माझं मत झालंय. आणि कापराची डबी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर फार वाईट.

इथून पुढे खरी मजा.

मेणाचं आधी सांगतो कारण निम्मा त्रास तिथे होता. दुकानातलं पिवळं मेण आणलेलं त्यात पॅराफिन मिसळलेलं असावं असा मला दाट संशय, चावून बघितलं तर भुगा झाला. खरं मधमाशीचं मेण दाताखाली च्युइंगगमसारखं गोळा होतं, भुगा होत नाही, आणि हातात चोळलं की मधाचा वास येतो. मग गावाकडच्या मध काढणाऱ्याकडून काळपट ढेकूळ आणलं. ते साफ करायचं म्हणजे जुन्या पातेल्यात पाणी घालून त्यात मेण वितळवायचं, जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळायचं आणि न हलवता गार होऊ द्यायचं, वर पिवळी चकती तरंगते आणि तिच्या पोटाला काळा गाळ चिकटलेला असतो तो सुरीने खरवडून टाकायचा. दोनदा केलं. चकती मात्र दोन दिवस पंख्याखाली वाळवा, आत पाणी अडकलेलं असतं, मी घाई केली आणि गरम तेलात टाकल्यावर असं तडतडलं की ओटा, भिंत, चष्मा सगळं. जुनं पातेलं असं दोनदा म्हणतोय कारण मेण लागलेलं पातेलं स्वयंपाकघरात परत जात नाही, घरचे जाऊ देत नाहीत.

बॅच ४, दूर्वांचं तेल. गणपतीत अंगणातल्या दूर्वा भरपूर होत्या, खाजेवर दूर्वांचं तेल ही जुनीच गोष्ट. पण ओली वनस्पती तेलात घातली की बुरशी, हे एकदा भोगलेलं. मग आयुर्वेदातल्या तेलपाकाची पद्धत नीट वाचली आणि चाट पडलो, त्या लोकांनी पाण्याचा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. एक भाग कल्क म्हणजे वाटलेली वनस्पती, चार भाग तेल, सोळा भाग पाणी किंवा रस किंवा काढा, आणि मंद आचेवर सगळं पाणी उडेपर्यंत शिजवायचं. पाणी उडलं हे कसं कळणार? कल्काची बोटांत वात वळली पाहिजे, न चिकटता. ती वात ज्योतीवर धरली की चटचट आवाज यायला नको, आवाज आला म्हणजे पाणी आहे. आणि तेल असेल तर शेवटी फेस येतो, तूप असेल तर उलट फेस बसतो. थर्मामीटर नसताना केलेलं हे बघून मला माझ्या डिजिटल थर्मामीटरची जरा लाजच वाटली. पाव लिटर तिळाच्या तेलाला पहिल्या दिवशी तीन तास आणि दुसऱ्या दिवशी दोन तास लागले. वात पहिल्यांदा चटचटली, दुसऱ्यांदा चटचटली, तिसऱ्यांदा शांतपणे जळली आणि मी एकटाच किचनमध्ये टाळ्या वाजवल्या. ते तेल आज चौदा महिन्यांनी पण खवट नाहीये, काळ्या बाटलीत कपाटात आहे. (व्हिटॅमिन ई चे थेंब घातलेत, ते तेल खवट होणं लांबवतं, बुरशी थांबवत नाही, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक सारखे गोंधळ करतात. कोरफड, मध, गुलाबपाणी असलं पाण्याचं काहीही घातलंत तर वेगळं प्रिझर्वेटिव्ह लागेल, मी त्या वाटेला जात नाही.)

मध्येच शतधौत घृताचाही नाद केला होता. तांब्याच्या परातीत तूप, पाणी घालून फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, परत नवीन, असं शंभर वेळा. साठाव्याला खांदा गेला, उरलेले चाळीस मुलीने केले, प्रत्येकी दोन रुपये घेऊन. झालं मात्र अप्रतिम, पांढरंशुभ्र, लोण्यासारखं, तुपाचा वास जवळजवळ गेलेला. पण त्यात पाणी धरून राहतं, फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, निफाडला अण्णा काय फ्रिजमधली वाटी काढून डिसेंबरात नडगीला लावणारेत!

बॅच ५ ला सासूबाईंनी दिशा दिली. त्या वेंगुर्ल्याच्या. माझे प्रयोग बघून काही न बोलता पुढच्या खेपेला जुन्या पेपरात गुंडाळलेले चार गोळे घेऊन आल्या, मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल, कोणी भिरंडेलही म्हणतात. रातांब्याच्या बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारं तेल काढून घेतात आणि ते थिजायला लागलं की मुठीत वळून गोळे करतात. खोलीत दगडासारखा टणक पण अंगाला लावला की विरघळतो, कारण वितळतो साधारण ३८ ते ४० अंशांना, म्हणजे अंगाच्या उबेच्या आसपास. कोकणात थंडीत टाचांच्या भेगांना हेच वितळवून भरतात. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ह्यात आणखी काही घालायला लागत नाही हो." अर्थात मी ऐकलं नाही.

पण मुठेलमुळे माझं कोडं सुटलं. नुसत्या खोबरेलाचा प्रॉब्लेम असा की ते २४ अंशांना थिजतं, म्हणजे नाशिकच्या एप्रिलमध्ये पाणी आणि निफाडच्या डिसेंबरात वीट, मेण कितीही कमीजास्त करा एक ऋतू हातचा जातोच. तिळाचं तेल थंडीतही पातळ राहतं, आणि टणकपणा मेणाऐवजी मुठेलकडून घेतला की मलम डबीत घट्ट आणि अंगावर मऊ. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, ते अंगावर विरघळत नाही, नुसतं पसरतं, म्हणून जास्त झालं की ओढल्यासारखं लागतं. हे लिहायला एक मिनिट लागलं, कळायला चार बॅचेस.

बॅच ५ मध्ये रव्यासारखे दाणे आले. मुठेल नीट पूर्ण वितळलं नव्हतं आणि वर डब्या ओट्यावर हळूहळू गार होऊ दिल्या. परत वितळवून, दहा मिनिटं तसंच गरम ठेवून, डब्या थंड पाण्याच्या ताटात ठेवून पटकन गार केलं तर दाणे गेले.

बॅच ६ साठी खरा कॅलेंड्युला लावला, बाल्कनीत, ऑक्टोबरच्या मध्यात ट्रेमध्ये बी, आपल्याकडे हे थंडीचं पीक. जानेवारीत फुलं. दंव उडाल्यावर तोडायची, बोटं चिकट झाली पाहिजेत, तो चिकटपणा म्हणजेच त्यातला राळेसारखा भाग आणि तो पाकळ्यांपेक्षा खालच्या हिरव्या बोंडात जास्त, म्हणून पूर्ण फूल घ्यायचं. पण घात पण तिथेच, पाकळ्या चार दिवसांत कुरकुरीत होतात आणि बोंड आत ओलंच. मी सावलीत बारा दिवस वाळवली, बोंड मोडल्यावर कट्ट आवाज आला तेव्हाच तेलात घातली.

आता परीक्षा. डाव्या नडगीला कॅलेंड्युलावालं, उजव्या नडगीला साधं, म्हणजे कोरं तिळाचं तेल, मुठेल आणि मेण. डब्यांवर डा आणि उ. त्याआधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा लावून बघितलं, शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांना कॅलेंड्युलाही बाधू शकतो. तीन आठवड्यांनी गेलो तर दोन्ही नडग्या चांगल्या. खवलं गेलेली, खाजवल्याच्या खुणा सुकलेल्या. मी वहीत लिहायला बसलो, म्हटलं फरक शून्य, तर आई आतून म्हणाली, "ते दोन्ही पायांना एकच लावतात, दुसरी डबी उघडलेलीच नाही." अण्णांचं म्हणणं, डा चा रंग छान आहे. संपला प्रयोग.

आणि त्याच बोलण्यात अजून एक कळलं. याच तीन आठवड्यांत आईने त्यांचं कढत पाणी बंद करून कोमट केलं होतं आणि नडग्यांना साबण लावणं बंद केलं होतं, शिवाय आंघोळ झाल्यावर पाय नुसता टिपून, ओलसर असतानाच मलम लावायला लावत होती. आता सांगा काय बरं झालं कशाने. मलमात पाणी नसतंच, ते कातडीला ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही, त्यामुळे कोरड्या ठणठणीत नडगीवर दुपारी लावलं तर त्याला धरून ठेवायला काही नसतंच. गेल्या वर्षी अण्णा दुपारी लावत होते. म्हणजे माझ्या मेणबत्तीलासुद्धा थोडा न्याय मिळाला नाही असं आता वाटतं.

एक काळजीची गोष्ट. निफाडला डिसेंबरात सकाळी शेकोटी असतेच, आणि मलमाने माखलेला लेंगा घालून अण्णा तिच्याजवळ. तेल-मेण मुरलेलं कापड साध्या कापडापेक्षा लवकर पेट घेतं आणि झपाट्याने जळतं, ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये सगळ्याच तेलकट मलमांबद्दल असा इशारा दिला होता. आणि नुसतं धुवून ते पूर्ण निघत नाही. तेव्हा आता मलमाचा लेंगा वेगळा, तो घालून शेकोटीजवळ जायचं नाही, आईकडे खातं दिलंय.

बॅच ७, १०० ग्रॅमचं माप: तिळाचं तेल ६० (निम्मं दूर्वांचं, निम्मं कॅलेंड्युलाचं), मुठेल २२, मेण १३, एरंडेल ५. पातेल्यात पातेलं ठेवून आधी मेण, ते वितळलं की तेलं, मग मुठेल, दहा मिनिटं गरम. फ्रीझरमधल्या स्टीलच्या चमच्यावर थेंब टाकून दोन मिनिटांनी बोटाने बघायचं, पाकाची तार बघतो तसं, घट्ट वाटलं तर चमचाभर तेल, सैल वाटलं तर चिमूटभर मेण. ओतताना फार गरम ओतलं तर मध्ये खड्डा पडतो, मी थोडं थांबून ओततो आणि चमचाभर राखून ठेवतो खड्डा बुजवायला. एप्रिलच्या बॅचला मेण १६ करून तेल तेवढं कमी करणार आहे.

साध्या मलमाचीही एक डबी भरलीये, यावेळी दोन्हींना एकच रंग यावा म्हणून साध्यात चिमूटभर रतनज्योत (तेलाला रंग देणारं मूळ) घालायचा मोह झाला होता पण मग ते साधं कुठे राहिलं. शेवटी दोन्ही डब्या स्टीलच्या, झाकणं सारखी, आणि डा-उ च्या चिठ्ठ्या आईने लावायच्या, मला पण न सांगता. अण्णांना सांगितलंय की दोन्ही महागाच्या आहेत.