कोकण रेल्वेचे पैसे वसूल झाले का?

कुठे नवीन पूल नाहीतर मेट्रो जाहीर झाली की आमच्या ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं, एवढे हजार कोटी कधी वसूल होणार म्हणून. मी दरवेळी कोकण रेल्वे काढतो, कारण 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गावर गाड्या धावतायत, हिशोब मांडायला एवढी वर्षं पुरेत.

रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, 741 किमी, खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास. सुरुवातीच्या भांडवलात केंद्र 51 टक्के, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा आणि केरळ 6-6, आणि बाकी बराचसा पैसा बाँड काढून उभा केलेला. त्या कर्जाचं व्याज फेडता फेडता ही रेल्वे चालवणाऱ्या कोकण रेल्वे कॉर्पोरेशनच्या नाकी नऊ आले, म्हणून भाडं लावताना अंतरच 40 टक्के वाढवून धरलं, म्हणजे बसायचं 100 किमी आणि पैसे द्यायचे 140 चे!! नुसती त्यांची बॅलन्सशीट बघितलीत तर म्हणाल कशाला हा उपद्व्याप.

पण फायदा तिथे दिसणारच नाही ना. 1999 पासून रो-रो चालू आहे, कोलाडला भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढतात आणि थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतात, ड्रायव्हर आपला केबिनमध्ये पाय पसरून झोपलेला, डिझेल वाचलं, टायर वाचले, घाट टळले. रेल्वेला मिळालं फक्त भाडं, बाकी सगळी बचत ट्रकवाल्याची. तसंच मुंबईहून मंगळूरला आधी रेल्वेने जायचं तर केवढा वळसा होता, तो वाचलेला वेळ कुणाच्या खात्यात धरणार?

आता आमच्या कोकणाचं काय झालं ते सांगतो, कारण माझं खरं दुखणं तेच आहे. हापूस अजूनही बहुतेक रस्त्यानेच जातो. संध्याकाळी बागेतच पेट्या गाडीत भरल्या की सकाळी वाशी मार्केटला हजर, रेल्वेने पाठवायचं तर तीच पेटी स्टेशनपर्यंत न्या, उतरवा, परत चढवा, मुंबईत पुन्हा तेच, आणि तोवर फळ दबलं तर भाव कोण देणार? राजापूर रोडला उतरून बघा, राजापूर शहर तिथून कुठच्या कुठे. रूळ टाकले पण पुढची सोय करायचं कुणाच्या मनातच आलं नाही. त्यामुळे पैसे वसूल झाले असंच मी म्हणेन, फक्त जास्त वसुली मुंबईने आणि तिकडे केरळ-मंगळूरवाल्यांनी केली, आम्हाला मिळाली गणपतीला गावी जायची सोय, तीही रिझर्व्हेशन मिळालं तर.

2025 मध्ये महाराष्ट्राने केंद्राला पत्र लिहून कॉर्पोरेशनच्या भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला होकार दिला आणि भांडवलात घातलेले आपले 396 कोटी परत मागितले. मागा हो, पण रोहा ते वीर सोडलं तर पुढे अजून बहुतेक सिंगल लाइनच आहे, त्या दुपदरीकरणाची तारीख पण त्याच पत्रात लिहून घ्यायची होती.